मामींच्या फायलीवरची लाल शाई

आमच्या मामी म्हैसूरच्या. माहेर सातारचं, पण लग्नानंतरची सगळी वर्षं सरस्वतीपुरममध्ये गेली. त्यामुळे त्यांच्या मराठीत कानडी असं मुरलंय की दाढ ठणकायला लागली की आधी ‘हल्लू नोवु’ तोंडात येतं आणि मग ‘दाढ दुखतेय रे’. गेल्या खेपेला त्यांच्याकडे उतरलो तेव्हा हल्लू नोवु जोरात होता. मामी तव्यावर लवंग गरम करत होत्या.

‘डॉक्टरकडे का नाही जात?’

‘जाऊन काय करू? मला सुई चालत नाही. फायलीवर लिहिलंय तसं.’

फाईल मी पाहिली. पहिल्याच पानावर लाल शाईत, दोनदा अधोरेखित केलेलं: ‘ॲलर्जी – लोकल ॲनेस्थेशिया’. तारीख नाही. काय झालं होतं, कोणतं औषध होतं, किती दिलं होतं, किती वेळाने त्रास झाला, यातलं एक अक्षर नाही. नुसता निकाल, पुरावा गायब. एकोणीस वर्षं मामी त्या तीन शब्दांवर जगत होत्या. एक दाढ बधिर न करताच भरली होती, एक अर्धी तुटून तशीच राहिली होती, आणि चावायचं सगळं काम उजव्या बाजूकडे.

दवाखाना कोणता होता ते मामींना धड आठवत नाही, पण घडलेलं लख्ख आठवतं. उपाशीपोटी गेल्या होत्या, भीतीने घशाखाली घास उतरला नव्हता म्हणून. सुई टोचली आणि अर्ध्या मिनिटात छातीत हातोडे बसायला लागले. हात थरथरले. मग अंगाला दरदरून घाम, डोळ्यांपुढे काळोख. खुर्ची मागे पाडून पाय वर केले, तोंडावर पाणी मारलं. दहा मिनिटांत मामी उठून बसल्या आणि आमच्या मामांना म्हणाल्या, घरी चला.

अंगावर गांधी उठल्या? नाही. ओठ, पापण्या सुजल्या? नाही. खाज? घसा आवळला, धाप लागली, छातीतून शिट्टीसारखा आवाज आला? नाही, नाही, नाही.

डॉक्टर नसलेल्या माणसालाही इथे शंका यायला हवी.

‘ॲलर्जी’ हा शब्द १९०६ साली क्लेमेन्स फॉन पिर्के या व्हिएन्नाच्या बालरोगतज्ज्ञाने घडवला. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारा शब्द आधीपासून होता, ‘वावडं’. पण वावडं फार ऐसपैस आहे. वांग्याचं वावडं असतं, पाहुण्यांचं असतं, लवकर उठण्याचंही असतं. ॲलर्जीचा अर्थ नेमका आहे: शरीराच्या संरक्षण यंत्रणेने एका निरुपद्रवी पदार्थाला शत्रू ठरवलेलं असणं. तत्काळ होणाऱ्या ॲलर्जीत आयजीई नावाची प्रतिपिंडं आधीपासून पेशींवर चिकटून बसलेली असतात. तो पदार्थ आला की पेशी चेततात, हिस्टामिन आणि त्याची भावंडं बाहेर पडतात. त्याचा परिणाम कातडीवर गांधी, ओठ-जिभेवर सूज, श्वासनळ्या आवळणं, रक्तदाब कोसळणं असा दिसतो. सुई टोचल्यावर जे जे वाईट घडतं ते सगळं या दारातून येत नाही.

मामींच्या बाबतीत बहुधा दोन वेगळ्या गोष्टी एकामागून एक घडल्या. त्या कळायच्या तर बाटलीत काय असतं ते पाहावं लागेल.

दातांच्या दवाखान्यात साधारण तीस मिलिलिटरची रबरी बुचाची बाटली असते, किंवा काचेची छोटी कार्ट्रिज. आपण तिला ‘भुलेचं इंजेक्शन’ म्हणून मोकळे होतो, पण आत बिऱ्हाडं अनेक. पहिलं लिग्नोकेन, दोन टक्के. दुसरं ॲड्रेनालिन, बहुतेकदा ऐंशी हजारांत एक भाग. ते आसपासच्या रक्तवाहिन्या आकसवतं, त्यामुळे औषध जागच्या जागी टिकतं आणि रक्तही कमी येतं. ॲड्रेनालिन हवेने खराब होतं, म्हणून त्याच्या राखणीला तिसरं, सोडियम मेटाबायसल्फाइट. आणि एकाच बाटलीत पुन्हा पुन्हा सुई जाणार म्हणून जंतू वाढू नयेत यासाठी चौथं, मेथिलपॅराबेन. एकदाच वापरून फेकायच्या कार्ट्रिजला या चौथ्याची गरज नसते. अमेरिकेत दातांच्या कार्ट्रिजमधून ते १९८०च्या दशकातच काढून टाकलं गेलं. आपल्याकडे मोठ्या बाटलीचा वापर अजून भरपूर आहे, कारण ती स्वस्त पडते. तिच्या लेबलावर हे सगळं बारीक अक्षरात छापलेलं असतं. पण वेदनेने कळवळणारा माणूस लेबल वाचत नाही, आणि ते त्याचं कामही नाही.

आता ॲड्रेनालिन. ते आपल्याच शरीरात, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींत तयार होतं. अंधारात पायाखाली साप वाटलेली दोरी आली की जे उसळतं ते हेच. त्यामुळे ‘मला ॲड्रेनालिनची ॲलर्जी आहे’ हे वाक्य कितीही लोकांनी म्हटलं तरी अर्थहीन आहे. पण सुईचं टोक चुकून बारीकशा रक्तवाहिनीत गेलं, तर ते थेट हृदयाकडे धावतं आणि छातीत हातोडे बसतात, हात थरथरतात. दोन-चार मिनिटांचा खेळ. म्हणूनच औषध सोडण्याआधी दट्ट्या किंचित मागे ओढून रक्त येतंय का ते पाहायचं आणि मग अगदी सावकाश सोडायचं असं शिकवलेलं असतं. भरीस भर, घाबरलेला माणूस स्वतःच्या ग्रंथींतूनही तेच ओतत असतो. खुर्चीवर बसायच्या आधीच मामींचा अर्धा डोस घरचा होता म्हणा ना.

त्यानंतर आलेली भोवळ हा उलट्या दिशेचा प्रकार. भीती आणि वेदना यांनी व्हेगस नावाचा मज्जातंतू चेततो, नाडी मंदावते, पायातल्या रक्तवाहिन्या सैलावतात, मेंदूकडे जाणारं रक्त कमी होतं. रंग पांढराफटक, घाम, काळोख. आडवं करून पाय उचलले की माणूस ताळ्यावर येतो. खऱ्या ॲलर्जीच्या झटक्यात सहसा नाडी वेगाने धावते, भोवळीत ती मंद असते. त्या क्षणी कुणी मामींची नाडी मोजून लिहून ठेवली असती तर एकोणीस वर्षं वाचली असती. अर्थात भोवळ म्हणजे नाटक नव्हे, हेही सांगायला हवं. ‘घाबरटच आहेत त्या’ असं म्हणून हसणाऱ्यांना मी मामींच्या वतीने एकदा बधिर न करता दाढ भरून घ्यायला सुचवीन.

मग या औषधाची ॲलर्जी होतच नाही का? होते, पण ती सर्रास होते या समजुतीला एक इतिहास आहे. १८८४ साली व्हिएन्नातच कार्ल कोलर या तरुण डॉक्टरने कोकेनचा थेंब डोळ्यात टाकला की डोळा बधिर होतो हे दाखवून दिलं. त्यानंतर काही महिन्यांतच न्यूयॉर्कमध्ये विल्यम हाल्स्टेड आणि त्याचे सहकारी खालच्या जबड्याच्या मज्जातंतूजवळ कोकेन टोचून दात बधिर करू लागले. प्रयोग स्वतःवरही चालत, आणि हाल्स्टेड त्याच्या व्यसनात अडकला. सुरक्षित पर्याय हवा होता. १९०४-०५च्या सुमारास आल्फ्रेड आइनहॉर्न या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचं प्रोकेन आलं, ‘नोव्होकेन’ या नावाने. दातांच्या डॉक्टरांनी ते उचलून धरलं. पुढची चार दशकं जगभर त्याचंच राज्य होतं.

प्रोकेन ‘एस्टर’ कुळातलं. शरीरात ते मोडतं तेव्हा पॅरा-अमिनोबेन्झॉइक आम्ल तयार होतं आणि हे आम्ल ॲलर्जीच्या बाबतीत बदनाम आहे. त्या काळात प्रोकेनने अंगावर पित्त उठल्याच्या तक्रारी होत, आणि ‘दातांच्या इंजेक्शनची ॲलर्जी’ ही समजूत तिथून रुजली. औषध बदललं, समजूत राहिली.

औषध बदललं ते बार्लीच्या कृपेने. १९३०च्या दशकात स्टॉकहोममध्ये काही रसायनशास्त्रज्ञ बार्लीच्या रोपातल्या ग्रामिन नावाच्या द्रव्याच्या मागे लागले होते. ते बनवायला जाऊन होल्गर एर्ड्टमानच्या हाती त्याचं एक भावंड लागलं. त्याने ते चाखून पाहिलं, आणि जीभ बधिर झाली! तेव्हाचे रसायनशास्त्रज्ञ प्रयोगशाळेतलं काहीबाही चाखत असत. आज कुणी असं करील तर नोकरी जाईल. तो धागा धरून नील्स लॉफग्रेनने १९४३ साली लिग्नोकेन बनवलं. बेंग्ट लुंडक्विस्ट या त्याच्या तरुण सहकाऱ्याने ते स्वतःला टोचून घेऊन तपासलं. १९४८ साली ते ‘झायलोकेन’ म्हणून बाजारात आलं. हे ‘अमाइड’ कुळातलं. ते यकृतात मोडतं आणि मोडताना ते बदनाम आम्ल तयार होत नाही. आज दातांसाठी वापरली जाणारी लिग्नोकेन, मेपिव्हाकेन, आर्टिकेन ही सगळी त्याच कुळातली.

या कुळाची खरी, आयजीईवाली ॲलर्जी किती दुर्मिळ? २०१२ साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी आधी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांची गोळाबेरीज केली. ॲलर्जीच्या संशयाने तपासलेले २,९७८ रुग्ण. खरी ॲलर्जी निघाली २९ जणांना. म्हणजे संशयितांतही शंभरात एक. २०१८ साली डेन्मार्कच्या एका ॲलर्जी केंद्राने आपला पाच वर्षांचा हिशेब मांडला. असाच संशय घेऊन आलेल्या १६४ जणांना तेच औषध पुन्हा टोचून पाहिलं होतं. एकालाही काही झालं नाही.

या डॅनिश हिशेबात मला जास्त महत्त्वाची वाटली ती पुढची ओळ. त्या १६४मधल्या १६ जणांना ॲलर्जी होतीच, पण दुसऱ्याच कशाची तरी. म्हणजे चोर पकडला होता, पण भलताच. खरा मोकळा फिरत होता.

दातांच्या खोलीत असे मोकळे चोर बरेच असतात. मेथिलपॅराबेनची रचना त्या बदनाम आम्लाशी मिळतीजुळती. सौंदर्यप्रसाधनांत, सिरपांतही ते असतं. सल्फाइटने काही दमेकऱ्यांचा दमा उसळतो. हातमोज्यांचं, बाटलीच्या बुचाचं रबर. आणि सगळ्यांत सभ्य चेहऱ्याचा म्हणजे क्लोरहेक्सिडिन, चूळ भरायला देतात ते औषध. ब्रिटनमध्ये दाढ काढल्यानंतरचा खड्डा त्याने धुतल्यावर ॲलर्जीचा तीव्र झटका येऊन दोन रुग्ण दगावले, आणि तिथल्या दंतवैद्यांना जाग आली. एरवी चूळ भरताना औषधावर संशय कोण घेतो?

आपल्याकडे मी आणखी एका जागी आधी पाहीन: रुग्णाच्या खिशात. दाढ दुखते म्हणून औषधाच्या दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी, कोपऱ्यात उरलेली अमॉक्सिसिलिनची कॅप्सूल, हे तासाभरापूर्वी पोटात गेलेलं असतं. या दोन्हींनी पित्त उठू शकतं, सूज येऊ शकते, क्वचित त्याहून वाईटही. पण गांधी उठतात त्या नेमक्या खुर्चीवर, आणि आळ येतो सुईवर.

काही वेळा तर आळ घ्यायला कुणीच नसतं. लहान मुलाचा ओठ बधिर असतो, कळत नाही म्हणून ते गाडीत बसल्या बसल्या तो चावत राहतं. संध्याकाळी ओठ भजीएवढा. आई घाबरून फोन करते, ॲलर्जी झाली! रक्तदाबाच्या ज्या गोळ्यांची नावं ‘-प्रिल’ने संपतात, त्या घेणाऱ्यांपैकी थोड्यांना ओठ-जिभेला अवचित सूज येते, ती ब्रॅडिकायनिन नावाच्या दुसऱ्याच द्रव्याची करामत. काही घराण्यांत असाच सुजण्याचा आनुवंशिक आजार असतो आणि दाढ काढणं हे त्याला ठरलेलं निमित्त. ही सूज घशापर्यंत गेली तर जीवघेणी, आणि ॲड्रेनालिनला ती फारशी दाद देत नाही. म्हणून ‘तुमच्या घरात अशी सूज कुणाला येते का?’ हा प्रश्न दातांच्या डॉक्टरने विचारला तर तो भोचकपणा समजू नये.

म्हैसूरला हा विषय निघाला हे एका अर्थी बरं झालं, कारण ॲलर्जी या शब्दाची झाडाझडती घेण्याचं काम या गावात झालेलं आहे. चेलुवांबा महालात १९५०पासून केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे. तिथले शास्त्रज्ञ आणि जेएसएस वैद्यकीय महाविद्यालयातले डॉक्टर यांनी मिळून चक्क वांग्याच्या ॲलर्जीचा अभ्यास केला. २००८ साली तो प्रसिद्ध झाला. वांगं खाल्लं की तोंडाला खाज सुटते असं सांगणारे पुष्कळ भेटले, बायका अधिक. पण ज्यांच्यात आयजीई सापडलं ते अगदी मोजके. वांग्यात मुळातच हिस्टामिन आणि तसली द्रव्यं असतात, खाज त्यांनीही सुटते. म्हणजे ते वावडं खरं, पण ॲलर्जी नव्हे. भरली वांगी नाकारणाऱ्या आमच्या मामांना मी हे सांगितलं. त्यांनी ताट पुढे ओढलं नाही, आणि तो त्यांचा हक्क आहे.

दुसरा अभ्यास याहून मोठा. युरोपीय संघाच्या मदतीने बंगळूर आणि म्हैसूरमध्ये प्रौढांच्या अन्न-ॲलर्जीची पाहणी झाली. निष्कर्ष २०१६ साली आले. रक्तात कुठल्या ना कुठल्या खाद्यपदार्थाविरुद्ध आयजीई असलेले लोक निघाले २६.५ टक्के. आणि खरोखर अन्न-ॲलर्जी असण्याची शक्यता असलेले? १.२ टक्के. चाचणी होकारार्थी येणं आणि आजार असणं यांत एवढी दरी.

हे आकडे मला आठवतात ते आपल्याकडच्या ‘टेस्ट डोस’पाशी. बऱ्याच दवाखान्यांत दाढ काढण्याआधी मनगटाच्या वर तेच औषध, जसंच्या तसं, कातडीत थोडं टोचतात आणि लाल झालं का ते पाहतात. हेतू चांगला. पण सुईच्या टोचण्यानेही कातडी लाल होते आणि मेथिलपॅराबेननेही होऊ शकते. शेजारी तुलनेला नुसतं मिठाचं पाणी टोचलेलं नसेल तर त्या लालीला अर्थ काय लावणार? ज्याला पूर्वी कधीच काही झालं नाही त्याला ही चाचणी फुकट भीती देते, आणि ज्याला झालंय त्याला खोटी खात्री. मला ती श्रद्धेच्या जवळची गोष्ट वाटते.

नीट चाचणी वेगळी असते, आणि ती मामींची झाली. त्यांच्या दातांच्या डॉक्टरीण बाई तरुण होत्या. त्यांनी लाल शाई वाचली, मामींना सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं आणि एका मोठ्या रुग्णालयाच्या ॲलर्जी विभागाला चिठ्ठी दिली. सर्दीची, खाजेची गोळी आठवडाभर बंद. जाताना पोटभर खाऊन जायचं, ही सूचना मामींना फार आवडली. इडली-वडा झाला.

खाटेवर आडवं केलं. शेजारी ॲड्रेनालिन, प्राणवायू, सलाईन तयार. आधी हातावर थेंब ठेवून नुसत्या टोकाने टोचणं: एक थेंब मिठाच्या पाण्याचा, एक हिस्टामिनचा, एक लिग्नोकेनचा, कसलीही भेसळ नसलेल्या. हिस्टामिनची गांध उठली, ती उठायलाच हवी. बाकी दोन जागा शांत. मग पातळ केलेलं औषध कातडीत. तेही शांत. मग दंडात, कातडीखाली, वाढत्या मात्रेत, मध्ये वीस-तीस मिनिटं थांबून.

पहिल्या सुईनंतर मामी म्हणाल्या, ‘बघ, सुरू झालं. धडधडतंय.’

डॉक्टरांनी नाडी मोजली, रक्तदाब घेतला, छातीला नळी लावली, सगळं लिहिलं आणि मामींना पडून राहायला सांगितलं. दहा मिनिटांत धडधड थांबली. पुढच्या तिन्ही सुयांना काही झालं नाही. शेवटी त्यांनी सांगितलं की पहिल्या सुईत फक्त मिठाचं पाणी होतं. मामी आधी रागावल्या, मग हसल्या, मग बराच वेळ गप्प होत्या.

समजा चाचणी होकारार्थी आली असती, तरी रस्ता बंद नव्हता. लिग्नोकेनची खरी ॲलर्जी असलेल्याला त्याच कुळातलं दुसरं औषध तपासून देता येतं. नाहीच तर डायफेनहायड्रॅमिन हे ॲलर्जीवरचं जुनं औषधही टोचल्यावर बऱ्यापैकी बधिर करतं. आणि खरा झटका आलाच, म्हणजे गांधींबरोबर धाप, घशात घरघर, कोसळता रक्तदाब, तर मोठ्या माणसाला मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत ताबडतोब अर्धा मिलिग्रॅम ॲड्रेनालिन द्यायचं, आडवं ठेवायचं आणि रुग्णवाहिका बोलावायची. ॲलर्जीच्या गोळ्या-इंजेक्शनं त्यानंतर. गंमत पाहा: भुलेच्या दोन मिलिलिटर औषधात जेवढं ॲड्रेनालिन असतं, त्याच्या वीसपट मात्रा इथे जीव वाचवते. मामींच्या छातीत हातोडे मारणारं तेच.

दाढ काढायच्या दिवशी मी बरोबर होतो. खुर्ची आधीच आडवी. बाईंनी ॲड्रेनालिन नसलेलं औषध निवडलं होतं, गरज नव्हती तरी. म्हणाल्या, पहिल्या दिवशी धडधड नकोच. सुई इतक्या हळू गेली की मी घड्याळाकडे पाहत राहिलो. थोड्या वेळाने मामींनी ओठाला बोट लावलं आणि कानडीत जाहीर केलं, ‘जोमु बंतु.’ बधिरपणा आला.

फायलीवरची लाल शाई पुसता येत नव्हती. बाईंनी तिच्यावर एक आडवी रेघ मारली आणि खाली निळ्या शाईत तारीख, चाचणीचं ठिकाण, औषधाचं नाव, मात्रा आणि ‘कोणतीही प्रतिक्रिया नाही’ असं लिहिलं. त्या मजकुराचा फोटो मी मामींच्या फोनमध्ये ठेवला.

डावीकडे आता दोन नवे दात बसलेत. मामी अजून उजवीकडेच चावतात.